समुद्राचं गवत बघणारी सुजाता

आईचा फोन आला तेव्हा मी औषधांच्या दुकानात उभा होतो. "आता औषध नगं आणूस," ती म्हणाली, "तसाच ये." दुकानदारानं पिशवी पुढं केली, मी ती घेतलीही... कळंब्याच्या रस्त्यानं घरी येईपर्यंत ती गाडीच्या हँडलला लोंबत होती. माझी धाकटी बहीण सुजाता गेली होती. रक्ताच्या कर्करोगानं तिला वर्षभरात संपवलं. त्याला आता काही आठवडे झाले. हळूहळू सवय होते म्हणतात. मला अजून झालेली नाही.

आम्ही मूळचे कागलचे. आप्पा साखर कारखान्यात फिटर, आई दुसऱ्याच्या रानात भांगलायला, पिकातलं गवत काढायला जायची. घरात कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. एम.एस्सी. झाल्यावर सुजातानं संशोधनासाठी रत्नागिरीकडं जायचं ठरवलं, तेव्हा आई म्हणाली, "तितं काय ठेवलंय गं तुझं?" ही म्हणाली, "गवत हाय की आई. डोळ्याला दिसत न्हाई एवढं बारीक. गवत नसलं तर म्हस जगंल का? तसा त्याच्याबिगर मासा जगत न्हाई." आप्पा हसले, "म्हंजे आईचंच काम घेतलंस की! तीबी गवतातच राबतीया." शास्त्रज्ञ त्याला वनस्पतीप्लवक म्हणतात. आमच्या घरात ते शेवटपर्यंत गवतच राहिलं.

ती काम करायची त्या खाडीचं पाणी एके वर्षी विटकरी झालं. त्या गवतातली एक विषारी जात माजली होती. ती पोटात गेली की तिसऱ्या, म्हणजे खाडीतले खायचे शिंपले, विषारी होतात, शिजवूनही विष जात नाही. सुजातानं बाजारात उभं राहून सांगितलं, तिसऱ्या विकू नका, खाऊ नका. पण तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांची चूल त्यावरच पेटायची. शेवंताबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईनं भरली पाटी तिच्या पायांवर पालथी केली. "मग आमी खावं काय? तुजं पानी?" सुजाता ऐकून घेणारी नव्हती, पण त्या दिवशी तिनं वाकून सांडलेल्या तिसऱ्या परत पाटीत भरल्या. दुसऱ्या दिवसापासून त्याच बायकांबरोबर चिखलात उतरून नमुने घेऊ लागली.

पुढं पाणी निवळलं, तिसऱ्यांच्या तपासण्याही चांगल्या आल्या. पण आता गिऱ्हाईकच फिरकेना. मी तेव्हाच तिच्याकडं गेलतो. ती मला बाजारात घेऊन गेली, शेवंताबाईकडून तिसऱ्या घेतल्या, तिथंच स्टोव्हवर शिजवायला लावल्या आणि सगळ्यांदेखत खायला बसली. मी धास्तावलो. "सुजा, खात्री हाय न्हवं?"

"खात्री नसती तर तुला शेजारी बसवला असता व्हय? खा की!"

मी खाल्ल्या. शेवंताबाई तिच्या पाठीवर हात ठेवून रडायला लागली...

आजारपणात ती आमच्याकडंच होती. ताप उतरला की खाडीवर जाते, म्हणायची. चालवेना झालं तेव्हा शेवंताबाई नातीकडून पाण्याचे फोटो पाठवायची आणि ही पडल्या पडल्या ते मोठे करून बघत राहायची. एकदा फोन छातीवर ठेवून म्हणाली, "दादा, फोटोत कळत न्हाई रे काही. हात घालायला पायजे पाण्यात."

सुजाताच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरी बुद्धवंदना सुरू असताना खाडीवरच्या त्या बायका एसटीनं मलकापूरमार्गे घाट चढून आल्या. शेवंताबाईनं आईला मिठी मारली. "बाय, तुज्या लेकीनं आमाला इख खाऊ दिलं नाय नि उपाशीबी ठेवलं नाय." आई तोवर रडली नव्हती. तेव्हा रडली.

सुजाताची नमुने गाळायची जाळी आमच्या गच्चीवर दोरीला आहे. ओढणीपेक्षा तलम. खारं पाणी राहिलं तर ती खराब होते, म्हणून गोड्या पाण्यात कशी धुवायची ते तिनं आईला शिकवलं होतं. आई अजून ती धुते. परवा न राहवून मी म्हणालो, "आई, आता तिच्यात मीठ कुठलं राहिलंय?"

आई जाळी चोळायची थांबली नाही. "ठेवताना म्हणाली हुती, नीट संभाळ आई, मला लागंल."

तिनं जाळी झटकली. मी दुसरं टोक धरलं, आणि आम्ही दोघांनी ती उन्हात पसरली.