विषय अद्याप समजला नाही

नोकरीत असताना वाटायचं, आपल्या संग्रहालयात काहीच घडत नाही. निवृत्त झालो आणि आठवायला बसलो, तर एकट्या मडावी गुरुजींच्या चित्राचेच किस्से संपेनात. दगडी मूर्तींनी मात्र कधी त्रास दिला नाही.

गुरुजी सालेकशाकडचे, ड्रॉइंगचे मास्तर. ते वारल्यावर त्यांच्या पत्नी फुलवंताबाई एक मोठा कागद लुगड्यात गुंडाळून गोंदियाला घेऊन आल्या. कोळसा, शाई, मोहफुलांचा रस, वर चिकटवलेले तेंदूपानांचे तुकडे. माणूस नाही, झाड नाही, देव नाही. बाकीची चित्रं वाळवीनं खाल्लेली. हे एकच उरलेलं.

रजिस्टरात ‘विषय’ असा रकाना होता. मी विचारलं, “बाई, हे कशाचं चित्र आहे?”

“मले कायले इचारता? मीबी जलमभर तेच इचारत होती!”

मी लिहिलं : विषय अद्याप समजला नाही.

बाई समोर बसलेल्या असतानाच माझा चहाचा कप त्या कागदावर टेकला. कोपऱ्यात गोल डाग उमटला. त्याची नोंद मी केली नाही.

*

एक राइस मिलवाले शेठ जावयाला घेऊन आले. चित्रापुढे बराच वेळ थांबून त्यांनी आमच्या शिपायाला, धनलालला विचारलं, “ये पूरा कब होगा?”

धनलाल म्हणाला, “अब नहीं होगा, सेठ. बनानेवाले मर गए.”

*

चार वर्षं चित्र उलटं टांगलेलं होतं. फुलवंताबाई एकदा बघायला आल्या तेव्हा कळलं. मी धनलालला झापलं.

“साहेब, उलटं असतं तं कोनी तं बोललं असतं ना!”

शिडी आणली, तर बाई म्हणाल्या, “राहू द्या भाऊ. सरळ करून का ते बोलनार हायेत?”

आम्ही सरळ केलं. ते बोलले नाहीत.

*

छत गळून चित्रावर लांब ओघळ आला. दुरुस्तीसाठी वर लिहिलं. उत्तर आलं : ‘गळती चित्रापूर्वीची की चित्रानंतरची, ते कळवावे.’

कळवलं. छत अजून गळून राहिलंय.

*

माझ्या शेवटच्या वर्षी तपासणीला नागपूरहून साहेब आले. खराब वस्तूंची यादी करायची आणि यादीतलं सगळं नष्ट करायचं, असा आदेश होता. चित्र पाहून म्हणाले, “हे तर डागांनी भरलंय!”

“सर, काही डाग चित्रकाराचेच आहेत.”

“कोणते?”

ते सांगणारं एकच माणूस होतं. फुलवंताबाईंना बोलावलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आल्या.

“एक जरी डाग नंतरचा निघाला, तर हे यादीत जाईल,” साहेबांनी बजावलं आणि ओघळावर पेन धरलं. “हा?”

“त्याईचाच.”

धनलाल छताकडे बघत खोकला.

“हे भोक?”

“त्याईचंच. लिवा.”

पेन कोपऱ्यात आलं. “आणि हा? हा तर सरळसरळ चहाचा डाग आहे!”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरात पाहिलं.

“चहाचाच हाये,” बाई म्हणाल्या. “कप कुठंबी ठेवत ते. जलमभर बोलली मी त्याईले!”