चार मिनिटं मागे

दुपारी तीनच्या सुमारास दादाचा फोन आला, तेव्हा मी बिरसीला होतो. तिथल्या विमान प्रशिक्षण केंद्रात मी स्टोअर सांभाळतो. नवा खोका उघडून त्यातला कागद शोधत होतो. दादा सहसा फोन करत नाही. कंपवातानं त्याचे हात थरथरतात, मोबाइलवरचं नाव बोटाखाली येत नाही. त्यामुळे त्याचं नाव दिसल्याबरोबर मी उभाच राहिलो. तो म्हणाला, "तुही वहिनी उठून नाही राहिली रे."

इंदूवहिनी गोंदियाच्या आमच्या घड्याळाच्या दुकानात, आपल्या टेबलाशी बसली होती. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, मान पार खाली टेकलेली. तिच्या हातात बारीक काम असलं की तिच्याशी बोलायचं नाही, हा आमच्याकडचा जुना नियम. बोलणाऱ्याच्या श्वासानंही पार्ट उडतो. दादाला वाटलं, काम करून राहिली. तो पाव तास गप्प बसून राहिला... डॉक्टरांनी नंतर सांगितलं की आधी हाक मारली असती तरी फरक पडला नसता. ते मी दादाला सांगितलं, पुन्हा सांगितलं, परवाही सांगितलं. तो ऐकतो, मान हलवतो आणि तासाभरानं तेच विचारतो. महिना उलटून गेला आहे. मलाही एका जागी बसवत नाही. एवढं लिहितानाही दोनदा उठून अंगणात जाऊन आलो.

वहिनी इटियाडोह धरणाच्या कालव्याकाठच्या एका गावची. माहेरी धानाची शेती, शिक्षण सातवीपर्यंत, इंग्रजी वाचता येत नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा घड्याळ हा प्रकार तिनं फक्त भिंतीवर पाहिला होता. दुकानात ती पहिल्यांदा बसली ती दादाच्या हातांमुळे. चाळिशीतच त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला. त्यानं तो वर्षभर लपवला. एका गिऱ्हाइकाच्या घड्याळातली केसासारखी स्प्रिंग त्याच्या हातून वाकली, तेव्हा वहिनीनं त्याच्या हातातला चिमटा काढून घेतला आणि म्हणाली, तुम्ही सांगा, मी करतो. तेव्हापासून तो बोलायचा आणि ती करायची. पाच-सहा वर्षांत त्याला सांगण्यासारखं काही उरलं नाही. तो शेजारच्या स्टुलावर नुसता बसू लागला, पण बसायचा रोज.

मोबाइल आले आणि चावीची घड्याळं लोकांच्या मनगटावरून उतरली. दुकानात उरले ते सेल आणि पट्टे. वहिनीच्या हातांना ते पुरेना. ती चिडायची, दुकानातून घरी, घरून दुकानात अशा चकरा मारायची, लग्नकार्यात जेवायला बसली तरी तिची नजर पंगतीतल्या मनगटांवरून फिरत असायची. एकदा सगळं घर घेऊन आम्ही नागझिऱ्याला गेलो. गाडीपुढून वाघ गेला. आम्ही सगळे तिकडे वळलो आणि वहिनी गाइडच्या हातातली जुनी चावीची घडी पाहत होती. परत निघताना तिनं त्याला ती उघडून दाखवायला लावली. वाघ तिनं पाहिलाच नाही. विचारलं तर म्हणाली, वाघ काय, मांगच्या साली बी दिसला होता.

आमच्या इथल्या एका धानगिरणीच्या शेठजींनी तिला ते काम आणलं, तेव्हा तिच्या या चकरा थांबल्या. शेठजींकडे वडिलांचा एक जुना फोटो होता. वडिलांच्या मनगटावर स्वित्झर्लंडच्या एका नामांकित कंपनीचं घड्याळ, खाली सेकंदाची वेगळी छोटी तबकडी. वडील गेल्यावर ते घड्याळ घरातून कुठं गेलं, कोणी नेलं, याचा पत्ता नव्हता. शेठजींच्या आईचं वय नव्वदीकडे झुकलेलं, दिसायचं अगदी कमी, आणि ती रोज सकाळी विचारायची, बाबूजींची घडी कुठे आहे. शेठजींनी हुबेहूब तसंच घड्याळ बनवून मागितलं. आईला सांगणार होते की सापडलं.

मला हे पहिल्या दिवसापासून पटलं नाही. पण इंटरनेटवरून पार्ट शोधायचं काम माझ्याकडेच आलं, कारण इंग्रजी मला येत होतं. त्या काळी मोठ्या कंपन्याही घड्याळाचं मशीन कधीकधी दुसऱ्या कारखान्याकडून घेत आणि तेच मशीन साध्या घड्याळांतही असे. दादाला हे ठाऊक होतं. नागपूरच्या रविवारच्या बाजारात, रायपूरच्या एका म्हाताऱ्या कारागिराच्या अडगळीत अशी तीन मेलेली घड्याळं मिळाली. तिन्हींतून वहिनीनं एक जिवंत मशीन उभं केलं. काटे जर्मनीहून आले. केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, चीनमधून आली, पण इतकी चकचकीत की वहिनीनं ती हातात घेतली आणि खाली ठेवली. "हे कालची हाये," म्हणाली. मग तिनं ती बारीक कागदानं घासली, चामड्यानं पुसली आणि शेवटी माझ्या हातात बांधली. म्हणाली, भाऊजी, स्टोअरमध्ये खोके उचलता ना, तर घालून उचला. चार महिने मी ती रिकामी केस मनगटावर घालून हिंडलो. सहकारी विचारायचे, काटे कुठे गेले. परक्या माणसाच्या आयुष्याचे ओरखडे मी माझ्या हातानं तयार करत होतो.

डायल मुंबईचा एक कारागीर छापून देत असे. वहिनीनं ती तीनदा परत पाठवली. फोटो मोबाइलवर मोठा करकरून तिनं कंपनीच्या नावाचं प्रत्येक अक्षर पाहिलं होतं. तिला ती अक्षरं वाचता येत नव्हती, म्हणूनच असेल, पण आपल्याला जो शब्द दिसतो तिथं तिला रेघा दिसायच्या. एका अक्षराचा पाय जाड आहे, हे तिनं सांगेपर्यंत ना मला दिसलं ना छापणाऱ्याला.

आमचं भांडण झालं ते याच नावावरून. आमच्या स्टोअरमध्ये प्रत्येक पार्टबरोबर कागद येतो. कुणी बनवला, कुणी तपासला, खाली सही. कागद नसलेला पार्ट दिसायला कितीही अस्सल असो, त्याला लाल चिठ्ठी लागते आणि तो कुलपात जातो. हे मी तिला ऐकवलं. वर असंही म्हणालो की तुझ्या या घडीवर दुसऱ्याचं नाव आहे, म्हणजे ही नकलीच, आमच्याकडे हिला लाल चिठ्ठी लागली असती. दादा स्टुलावरून माझ्याकडे पाहत राहिला. पुढचे आठ-दहा दिवस वहिनी माझ्याशी बोलली नाही, जेवायला वाढायची आणि आत निघून जायची. मग एका सकाळी मी डबा घेऊन निघालो असताना तिनं विचारलं, "तुमच्या त्या कागदावर सही कोन करते?"

मी म्हणालो, ज्यानं बनवलं तो.

"मंग मी बी करतो."

तिनं घड्याळाचं मागचं झाकण उघडलं आणि आतल्या बाजूनं सुईच्या टोकानं कोरलं : इंदू, गोंदिया. अक्षरं तांदळाच्या कणीएवढी. पुढं तिनं जी काही आठ-नऊ घड्याळं बनवली, त्या प्रत्येकात ती आहेत. नागपूरहून एक व्यापारी आला होता, त्याला पाच हवी होती, फक्त आतलं नाव नको होतं. जुना माल म्हणून विकायचा त्याचा बेत लपत नव्हता. वहिनीनं त्याला चहा दिला आणि सांगितलं की आतलं नाव नको असंल तर घडीबी नको. तिनं बनवली ती फक्त अशांसाठी, ज्यांच्याकडून कुणाचं तरी घड्याळ हरवलं होतं.

दिसणं साधल्यावर तिनं वेळ धरली. मी तिच्या मोबाइलवर एक ॲप टाकून दिलं होतं. घड्याळ जवळ ठेवलं की टिकटिक ऐकून ते दिवसाला किती सेकंद पुढं-मागं हे सांगतं. डायल वर, डायल खाली, चावी वर, चावी खाली, अशी ती घड्याळ ठेवून बघायची. आकडे कॅलेंडरवर पेन्सिलनं लिहायची. शेवटी दिवसाला तीन सेकंदांवर आणलं. साठ वर्षांच्या मशीनला ही अचूकता म्हणजे नवलच. दादानं ते घड्याळ आपल्या थरथरत्या हातात धरलं आणि बराच वेळ कानाशी लावून ठेवलं. इतकी वर्षं मी त्यांचा संसार पाहिला, पण दादानं तिचं कौतुक केलेलं मला तेवढंच आठवतं.

घड्याळ द्यायला आम्ही तिघंही गेलो. शेठजींच्या आई, माताजी, खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. शेठजींनी ठरल्याप्रमाणे सांगितलं की जुन्या संदुकीत मिळालं. माताजींनी ते बोटांनी चाचपलं. काच, चावी, पट्ट्याची कड. चेहरा उजळला. मग त्यांनी ते कानाशी नेलं, एका बाजूला उशीजवळ ठेवलं आणि दिवसभर ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी शेठजींचा माणूस घड्याळ घेऊन दुकानात आला. माताजींचा निरोप होता की ही बाबूजींची नाही. त्यांची तर रोज मागे पडायची, चार मिनिटं. सकाळी रेडिओवर वेळ सांगितली की माताजीच ती वेळेशी मिळवायच्या.

संध्याकाळी वहिनीनं माझ्यासमोर घड्याळ आपटल्यासारखं ठेवलं आणि विचारलं, काऊन सुधरवलं मी एवढं... जन्मभर घड्या नीट केल्या, आता बिघडवू? दादा हळूच म्हणाला की बिघडवू नको, हळू कर. ते सोपं नव्हतं. चुकणारं घड्याळ एक दिवस दोन मिनिटं चुकतं, दुसऱ्या दिवशी सात. वहिनीला रोज चारच हवी होती. "चुकायची तर नेमानं चुकली पायजे," असं ती पुटपुटायची. घड्याळ तीन सेकंदांवर आणायला तिला लागले त्याहून जास्त दिवस हे चार मिनिटांचं मागं पडणं पक्कं करायला लागले. तेवढ्या दिवसांत ती नीट जेवली नाही. कॅलेंडरची ती पानं अजून दुकानात आहेत. चार, चार, चार, असे आकडे खाली उतरत जातात.

दुसऱ्यांदा आम्ही गेलो तेव्हा माताजींनी घड्याळ पुन्हा ठेवून घेतलं. या खेपेला ते परत आलं नाही. शेठजी खूश होते, मीही सुटकेचा निःश्वास टाकला. वहिनीची तगमग मात्र वाढली. आठवडाभरानं ती मला घेऊन पुन्हा त्यांच्या घरी गेली. कशासाठी हे वाटेत सांगितलं नाही. शेठजी गिरणीवर गेलेले होते. ती माताजींच्या खाटेशी खाली बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "माताजी, ये बाबूजी की नहीं है. मैंने बनाई है. अंदर मेरा नाम है."

मी दारात उभा होतो. मला वाटलं, आता सगळं मोडलं.

माताजींनी उशीजवळचं घड्याळ चाचपून घेतलं आणि म्हणाल्या, "मालूम है, बेटी. पर इसको भी रोज़ मिलाना पड़ता है."

परतताना वहिनी मोपेडवर माझ्या मागं बसली होती. अर्ध्या वाटेत तिनं गाडी थांबवायला सांगितली, उतरली, रस्त्याच्या कडेला धानाच्या बांधीकडे तोंड करून थोडा वेळ उभी राहिली. पुन्हा बसल्यावर म्हणाली, चला, दुकानात तुमचे दादा एकटे हायेत.

तिला मी एकदा नकली म्हटलं होतं. त्याबद्दल मी तिची माफी कधी मागितली नाही. तिनंही तो विषय पुन्हा काढला नाही. नवीन पार्ट आला की मात्र आधी मला दाखवायची. मी वाचून सांगायचो, कुठून आला, कुणी पाठवला. ती ऐकून घ्यायची आणि मग स्वतःच्या डोळ्यानं पाहायची.

ती गेल्यावर सतराव्या दिवशी जर्मनीहून एक पाकीट आलं. वर तिचं नाव, मीच कधीतरी टाइप केलेलं. आत सेकंदाचे तीन काटे, पापणीच्या केसाएवढे. कोणत्या घड्याळासाठी, हे ना मला माहीत ना दादाला. रविवारी आम्ही दोघं दुकानात बसलो, अर्धवट घड्याळांचे डबे एकेक करून उघडले. मी तिचं भिंग डोळ्याला लावलं आणि एक काटा चिमट्यात धरून दादाला काहीतरी विचारायला तोंड उघडलं. तेवढ्या श्वासानं तो उडाला. दादा स्टुलावरून उतरून गुडघ्यांवर बसला, मी मोबाइलची बॅटरी लावली, आम्ही टेबलाखाली, कपाटाखाली, फरशीच्या फटींतून तासभर शोधलं. सापडला नाही. दादा म्हणाला, असंल इथंच.

तेव्हापासून दुकानात झाडू मारलेला नाही.