खत, खार आणि चिमूटभर माती

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच सुटली तेव्हा माझ्या पिशवीत दोन साड्या, चिवडा आणि जखमा धुवायच्या पेरॉक्साइडची मोठी बाटली होती. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, कोण आजारी आहे? म्हटलं, माती. बिचारा हळूच पलीकडच्या बाकावर सरकला.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि सुटीत माती गोळा करत हिंडते. नत्राचं खत घातल्यावर मातीतली विकरं (पालापाचोळा कुजवणारी द्रव्यं) काय करतात, कर्ब जमिनीत टिकतो की उडून जातो, हे माझं वेड. खारेपाटात (खाडीला बांध घालून राखलेल्या भातजमिनीत) एक शेत अर्धं खताचं, अर्धं बिनखताचं आहे असं कळलं. मग मी घरी बसते कशाला!

पोयनाडपर्यंत एस.टी., पुढे बांधावरून पायपीट. एकीकडे खाडी, दुसरीकडे कापणी झालेली शेतं, आणि वारा असा की छत्री उलटी. चिखलात चप्पल रुतली ती रुतलीच. मला घ्यायला आलेल्या नामाने हसू दाबत ती उपसून दिली.

शेत नामाचं आणि त्याच्या थोरल्या भावाचं, हिरूदादांचं. सरकारकडून आलेल्या अमोनियम सल्फेट खताचे दाणे पांढरे, म्हणून गावाने त्याला ‘सरकारी मीठ’ नाव ठेवलं. जन्मभर खारं पाणी बांधाबाहेर ठेवायचं आणि आपल्याच हाताने शेतात मीठ टाकायचं? लोकांच्या अंगावर काटाच आला. नामा मात्र अर्ध्या शेतात दरसाल टाकत राहिला. पीक चांगलं आलं, पण तिकडची जुनी धसकटं (भाताचे खुंट) मिठात मुरवल्यासारखी लवकर कुजेनात. तेव्हा यंदा दादांनी चारचौघांत सांगून टाकलं, जमीन खारट झाली असेल तर मी वेगळा होणार.

दुपारी जिताड्याचं (शेततळ्यात वाढवलेल्या माशाचं) कालवण आणि तांदळाची भाकरी. अहाहा, काय ती चव! दोघी जावा एकाच चुलीपाशी बसून वाढत होत्या आणि माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू घर मोडायचं की राखायचं ते मीच सांगणार. तरी मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

मग घरामागच्या बांधावर दोन वाट्यांत दोन्हीकडची माती घेऊन वर पेरॉक्साइड ओतलं. बिनखताची माती भसाभस फेसाळली, खताची जरा सुस्तच. दादांचा चेहरा पडला. मी घाईने सांगितलं, फेस हे विकरांचं काम, त्यातली काही खताने मंदावलेली दिसतात. म्हणून धसकटं टिकतात आणि त्यांचा कर्बही जमिनीत राहतो. हे पुढे बरं की वाईट, मला अजून ठाऊक नाही. पण याने खार कळत नाही.

तुम्ही खार कसा ओळखता, असं विचारलं तर नामा म्हणाला, घरातला थोरला माती चाखून सांगतो. दादांनी चाखली का? नामाने नकारार्थी मान हलवली. मला रागच आला. वर्षभर धुसफूस, आणि साधी जीभ लावली नाही! चांगली खरडपट्टी काढली मी दोघांची.

दादांनी दोन्हीकडची चिमूट जिभेवर ठेवली. थुंकले. सारखीच, म्हणाले, आणि मटकन बांधावर बसले. घरात कुणीतरी भांडी घासायला घेतली.

परतीच्या लाँचमध्ये मी मजेत होते. कर्बाचं उत्तर मिळायला वर्षं लागतील, लागू देत. मनात घोळत होतं ते दादांचं बोलणं. दोघे भाऊ मला पोयनाडला सोडायला आले होते; एस.टी.ची वाट बघताना नामा विड्या आणायला गेला, तेव्हा मी दादांना विचारलं होतं, आधीच का नाही चाखलीत?

दादा खाली बघत म्हणाले, “खारी लागली असती तं वेगला व्हायला लागला असता, बाय. सबूद दिलता ना. मंग नामाला सोरून मी जेवनार कुठं?”