आधी जुमला, मग चाळणी

रजेवर गावी असलेल्या शेवंताताई वारल्याचं मला इचोड्याच्या बसस्टँडवर त्यांच्या भावाकडून कळलं. त्याला महिना होऊन गेला. आदिलाबादच्या एका सरकारी कचेरीत आम्ही नऊ वर्षं समोरासमोरच्या टेबलांवर काढली. गावोगावचे तापाचे रुग्ण ताई वहीत उतरवायच्या. कॉम्प्युटर आल्यावर त्यावर अहवाल काढायचं काम माझ्याकडे आलं. बेरजेला त्या निजामाच्या काळातल्या कारकुनांसारखं ‘जुमला’ म्हणत. मी हसायचो.

एका पावसाळ्यात साहेबांनी वीसच्या वर रुग्ण असलेल्या गावांची यादी मागितली. डॉक्टरांचं पथक तेवढ्याच गावांना जाणार होतं. मी कॉम्प्युटरला अट घातली आणि यादी छापली. ताईंनी ती वाचली, मग वहीतल्या वांकिडीकडच्या एका गावावर बोट ठेवलं.

“काऊन हो भाऊ, हे गाव कुठं पळालं?”

“वीसच्या वर नसेल.”

“एकतीस हायेत.”

“ताई, मशीन चुकत नाही.”

“मशीन नाही, तुमी चुकून राह्यले.”

मला राग आला... पण वही खरी होती. गाव चार वस्त्यांचं. नऊ, आठ, सात, सात. माझी अट एकेका वस्तीच्या ओळीला लागली होती. कुठलीच ओळ वीसच्या वर नव्हती, म्हणून बेरजेआधीच चारही गळाल्या.

“आधी जुमला करा, मग चाळणी लावा,” ताई म्हणाल्या. “एकेकटा दाणा पडतेच ना खाली!”

मी अट बेरजेनंतर लावली. ते गाव आलं, आणखी दोन आली. तोवर खाली जीप सुरू झाली होती. यादी घेऊन ताई धावल्या. चपला टेबलाखालीच राहिल्या. त्या गावात त्यांची धाकटी बहीण दिली होती आणि ती तापाने अंथरुणावर होती, हे मला बहीण बरी झाल्यावर समजलं. त्या दिवशी ताईंनी फक्त आकडा सांगितला होता.

नंतर त्यांनी मला एक सवय लावली. “जे गळलं त्याचाबी कागद काढत जा, भाऊ. त्याइलेबी कोणी वाचलं पायजे.” तो दुसरा कागद कोणी मागत नसे, जेवण झाल्यावर त्याच वाचायच्या.

गेल्या सोमवारीही मी तो काढला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. दुपारपर्यंत तो तसाच होता... मग मीच उठून त्यांच्या खुर्चीत बसलो आणि वाचायला घेतला.