निजून पाहिलेलं घर

घर कसं आहे हे सांगायला लोक भिंतींवर टिचक्या मारतात, तडे शोधतात, निदान वर तरी बघतात. आमच्या सास्तूरचे धुळाप्पा मामा यातलं काहीच करत नाहीत. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला हा माणूस. भर उन्हाळ्यात दुपारी दोनला येतात, घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस कुठं झोपतं ते विचारतात आणि तिथंच अर्धा तास आडवे होतात. उठले की निकाल सांगतात. लोक हसतात, पण बोलावतात.

तीन वर्षांपूर्वी मी घर बांधलं. शाळामास्तर आयुष्यात एकदाच घर बांधतो आणि पुढं दहा वर्षं तेच सांगत बसतो, मीही त्यातलाच. मामांना बोलावलं ते खरं म्हणजे कौतुक करून घ्यायला. हॉलच्या फरशीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"सर, आईचं अंथरूण कुठं हाय?"

आईचं अंथरूण मागच्या खोलीत होतं. मामा तिथं निजले. मी दारात घड्याळ बघत उभा. उठले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता.

"हॉल बांधला पावण्याला अन् भट्टी केली आईला," ते म्हणाले. "मावळतीची भिंत दुपारभर तापती अन् रातभर सोडती. वर ही खोली बांधाच्या खाली हाय. लई पाऊस झाला तर पाणी पैलं हितंच यील."

"मामा, इथं प्यायला टँकर येतो. पूर कुठला आणताय?"

"टँकर येतो म्हणूनच लोक वड्याच्या पात्रात घरं बांधत्यात."

मला राग आला. आठ दिवस मी त्यांना रस्त्यात टाळलं. आईचं अंथरूण मात्र पुढच्या खोलीत आलं, तेही बायकोनं आणलं म्हणून. गेल्या सप्टेंबरात पाऊस थांबायचं नाव घेईना. एका सकाळी मागच्या खोलीत मांडीएवढं पाणी शिरलं, गाद्या तरंगायला लागल्या. माझ्या आईला गुडघ्यांमुळं आधाराशिवाय उठवत नाही. ती चार पायऱ्या उंचावरच्या पुढच्या खोलीत चहा पीत होती. 

टोपी-टॉवेल घेऊन मामांकडं जायचं ठरवलं, ते जायला गुढीपाडवा उलटून गेला. मास्तर लोकांचं उपकार मानणंही सवडीनं. दुपारची वेळ होती. मामा लिंबाखाली बाजेवर होते. त्यांच्या पत्नी, प्रेमाबाई, पत्र्याच्या खोलीत डोक्यावर ओलं फडकं घेऊन पडल्या होत्या. पत्रा इतका ठेंगणा की हात वर केला तर भाजावा.

"ताप आलाय का?" मी विचारलं.

"ताप कशाचा? उनाळा हाय की. दर सालचंच," त्या पडूनच म्हणाल्या.

त्र्याण्णवच्या भूकंपात मामांच्या घराचं मातीचं जड माळवद कोसळलं. दगडमातीच्या त्या ढिगाखाली त्यांची आई आणि दोन वर्षांचा मुलगा कल्याण गेले. मामा रात्रीच्या राखणीला शेतात होते, घरातल्या प्रेमाबाई तेवढ्या वाचल्या. तेव्हापासून स्वतःच्या घरात त्यांनी पाठ टेकलेली नाही. दुसऱ्याच्या घरात अर्धा तास, तेही दार उघडं ठेवून. स्वतः बारा महिने लिंबाखाली, पावसात ताडपत्री. घरावर पत्रा घातला, कारण पत्रा पडून माणूस मरत नाही. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं आणि त्या पत्र्याखाली कोण झोपतं, हे आम्ही कुणी कधी विचारलं नाही. मी तर मुळीच नाही.

"मामा," माझ्या तोंडून गेलं, "ह्या घरातलं वयस्कर माणूस कुठं झोपतं?"

बोललो आणि जीभ चावली.  मामा उठले, आत गेले आणि प्रेमाबाईंच्या वाकळेवर आडवे झाले. दोन मिनिटांत धडपडत बाहेर आले. अंगणात बाजेला धरून उभे राहिले. मी हात धरायला गेलो, तो त्यांनी झटकला आणि पुन्हा आत गेले. या वेळी प्रेमाबाई उशाशी बसून पदरानं वारा घालत राहिल्या.

अर्ध्या तासानं बाहेर आले तेव्हा मामा रडत होते. "बत्तीस उनाळे तू हितं काढलेस. एकदा तरी बोलायचं की गं."

"तुमी आत आला असता, तर बोलले असते," प्रेमाबाई म्हणाल्या.

त्याच महिन्यात मामांनी छत दोन हात उंच केलं, पत्र्याखाली बांबूची तट्टी ठोकली, वर उसाचं पाचट पसरून तारेनं आवळलं. मामा आता उंबऱ्यात झोपतात, पाय आत आणि डोकं बाहेर. "एवढंच जमतंय," म्हणतात. झोपलेल्या नवऱ्याला ओलांडून जायचं कसं, म्हणून प्रेमाबाईंनी मागच्या भिंतीला दुसरं दार पाडायला सांगितलं. दाराची जागा त्यांनी चार वेळा बदलली. दर वेळी त्या आतून हाक मारत, "या बगू, हितं बरं दिसंल का?" आणि मामा खडू घेऊन आत जात.