गेटपासवरचं खरं कारण

सुमनताईंची आणि माझी पहिली गाठ पडली ती पस्तीस वर्षांपूर्वी, एका गेटपासवरून. अंबडच्या आमच्या कारखान्यात त्या विजेच्या मोटारींच्या तारा गुंडाळायच्या विभागात होत्या आणि मी कार्मिक विभागात कारकून. कामाच्या वेळात गेटबाहेर जायचं तर पासवर कारण लिहून माझी सही घ्यावी लागे. बाळंतपणाहून परतलेल्या बायका त्या रकान्यात 'किरकोळ काम' नाहीतर 'पोट दुखते' असं लिहीत. खरं काय ते सगळ्यांना ठाऊक असे, कारण गेटसमोरच्या लिंबाखाली कुणाची तरी सासू तान्हं मूल घेऊन बसलेली असायची. सुमनताईंनी मात्र ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'लेकराला पाजायचे आहे.'

मी पास परत केला. "अहो, असं लिहितात का? साहेब वाचतात हे. काहीतरी नीट कारण लिहा."

"म्याडम," त्या म्हणाल्या, "याच्याहून नीट कारण मला तरी नाय ठाऊक."

देवळ्याकडचं बोलणं, त्यात आवाज चढलेला नाही की मान खाली नाही. मागे उभ्या असलेल्या बायका हसल्या. मला वाटलं, मलाच हसल्या. तेव्हापासून माझ्या मनात सुमनताईंविषयी जे आहे त्याला सरळ हेवा म्हणतात. त्यांच्या साठीच्या गौरविकेत असं लिहू नये, हे मला कळतं. पण संपादक भगिनींनी 'मोकळेपणाने लिहा' असं कळवलं आहे, तेव्हा आता भोगा म्हणावं.

पास साहेबांपर्यंत गेला. त्यांनी आम्हां दोघींना बोलावून मला विचारलं, "कायद्यात असं काही आहे का?" होतं. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला नेहमीच्या सुटीखेरीज दिवसातून दोनदा पाजायला वेळ द्यावा लागतो, हे मला तोंडपाठ होतं. पुस्तक माझ्याच कपाटात होतं. मी कलम वाचून दाखवलं आणि आठवड्याभरात आदेश निघाला. पुढे स्टोअरशेजारची खोली रिकामी झाली, तिथे दोन खुर्च्या आल्या, पडदा लागला. आदेश मी टाइप केला, पडद्याचं कापड मी मेन रोडवरून आणलं आणि खोलीला नाव पडलं 'सुमनताईंची खोली'. बायका त्यांना ताई म्हणत. मी शेवटपर्यंत म्याडमच राहिले.

मग मीही माझा हिसका दाखवला. पाजून यायला सुमनताईंना दोन मिनिटं उशीर झाला, की मी तांबड्या शाईने शेरा मारत असे. स्वतःसाठी त्यांनी कधी हुज्जत घातली नाही. दुसऱ्या बाईची गोष्ट आली, की मात्र त्या हटत नसत. कॅन्टीनमधल्या एका कंत्राटी मुलीला सहावा महिना लागल्यावर ठेकेदाराने 'आता येऊ नको' म्हणून सांगितलं, तेव्हा सुमनताई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. ती आपल्या हजेरीपटावर नाही, असं मी म्हटलं.

"म्याडम, तुमच्या पुस्तकात कंत्राटी बाईचं पोट येगळं लिव्हलंय का?"

लिहिलेलं नव्हतं. मी अर्ज भरून दिला. मुलीला रजा मिळाली आणि नंतर कामही परत मिळालं. पेढे तिने अर्थातच सुमनताईंना दिले.

बाळंतपणाहून परतणाऱ्या प्रत्येकीसाठी सुमनताई घरून अळिवाचे लाडू आणत. खोली नवी असतानाची गोष्ट. एके दिवशी त्यांनी तो डबा माझ्यापुढे धरला. "घ्या की. तुमची लेक केवढी हाय?"

"अकरा महिन्यांची."

"मंग पाजायला कवा जाता?"

"मला कामं असतात," मी म्हटलं.

डबा माझ्यापुढेच ठेवून त्या जरा वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "साऱ्यांच्या पासवर तुम्ही सही करता. तुमच्या पासवर कोण करतं?"

मी डबा मागे सारला आणि फाइलमध्ये डोकं घातलं.

काय झालं होतं ते आज सांगते. लेक तीन महिन्यांची असताना मी कामावर परतले. छाती दाटून ठणकायला लागली, की बाथरूममध्ये जाऊन मी दूध बेसिनमध्ये पिळून टाकत असे. बाहेर कळू नये म्हणून नळ सोडून ठेवायचा. पुस्तकाचं कपाट तिथून दहा पावलांवर होतं. पण साहेब काय म्हणतील, या भीतीने मी एकदाही पास भरला नाही. दीडेक महिन्यात दूध आटलं आणि लेक डब्याच्या पावडरीवर वाढली. ती आज ठणठणीत आहे, तिची काही तक्रार नाही. पण त्या पडद्यामागून पोट भरलेल्या लेकराची कुरकुर ऐकू आली, की माझा जळफळाट व्हायचा. पेढे, कौतुक, खोलीचं नाव, सगळं मी सोडून दिलं असतं. त्यांना मागता आलं आणि मला आलं नाही, हे मात्र अजून सुटत नाही.

सुमनताईंनी शंभरी गाठावी, त्यांचे गुडघे आणि जीभ दोन्ही शाबूत राहावीत. या वयात हेवा करायला दुसरं माणूस कुठे शोधू मी? त्या वेळच्या पासांच्या पुस्तकातला एक कोरा पास मी जपून ठेवला होता, तो या लेखासोबत पाठवते आहे. त्यावर आज माझं नाव घातलं आहे. कारणाच्या रकान्यात लिहिलं आहे, 'लेकीला पाजायचे आहे.' सहीची जागा रिकामी आहे. ती सुमनताईंनी करावी.