तेल आत गेलं, धूर बाहेर आला नाही

ती घटना आठवली की आजही मला आधी जवसाच्या तेलाचा वास येतो आणि मग हसू. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, मोठे साहेब नागपुरात, आणि मी वडनेर भोलजीच्या बाजूला एका ठाण्याचा नवा कोरा ठाणेदार. मिशी आली होती, अक्कल यायची होती.

पौषातल्या एका सकाळी हजेरी घेत होतो, तेव्हा जवळच्या गावचे पोलीस पाटील खबर घेऊन आले. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या सालदारानं तेल्याच्या घाणीवरचं सगळं जवसाचं तेल रोख मोजून मालकाच्या घरी नेलं होतं. घरात लग्न नाही, कार्य नाही. मालक दोन-तीन दिवसांत कोणाला दिसले नव्हते. विचारलं की मालकीण दारातूनच सांगे, ताप आहे.

मी मालकाचा स्वभाव विचारला.

"भाजीवर तवंग दिसला तं ताट सरकवते साहेब. असा माणूस घाणी रिकामी करते म्हंजे काळंबेरं हाय."

मी तर्क लढवला. इतकं तेल कशाला? मशालींना. मशाली कोणाला? दरोडेखोरांना. मालकाला कोंडून टोळी आत दबा धरून बसली आहे, हे मी जमादाराला पटवलं आणि नांदुऱ्याहून जादा शिपाई मागवले. एक शिपाई साध्या वेशात घरासमोरच्या लिंबाखाली बसवला. त्यानं येऊन सांगितलं की घरात कोणी येत नाही, कोणी जात नाही, छपरातून धूरसुद्धा निघत नाही. धुराकडे मी लक्ष दिलं नाही. मला दरोडेखोर हवे होते.

दुपारी जेवताना हा सगळा बेत बायकोला रुबाबात ऐकवला. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "एवढं तेल आत गेलं अन् चूल नाही पेटली. घरातली चूल कवा पेटत नाही, हे ठाणेदाराले सांगा लागते काय?"

माझा घास हातातच राहिला. घरात मढं असेपर्यंत चूल पेटत नाही.

गेलो. मालकीण ओसरीवर बसली होती. मालक कुठं, म्हणून विचारलं.

"निजले."

"उठवा."

"पोरगा आल्यावर."

मी आवाज चढवला, मग उतरवला. मग आमची जुनी युक्ती केली, गप्प बसलो. समोरच्याला शांतता सोसत नाही आणि तो बोलू लागतो. इथं मलाच सोसेना. शेवटी म्हणालो, "बाई, चूल काऊन नाही पेटली?"

तिनं पदर डोळ्यांना लावला. "खोटं बोलता आलं साहेब. गावाले ताप सांगतला. पण ते असे घरात असताना चूल नाही पेटवता आली. फुटाण्यावर हावो आमी."

मागच्या खोलीत गुरांना पाणी पाजायची लाकडी डोण होती. तिच्यात तेल, कापूर, लिंबाचा पाला आणि मालक. रात्री निजले ते उठलेच नव्हते. एकुलता मुलगा पंजाबात रेल्वेच्या नोकरीत. तार मिळून तो निघाला होता. भाऊबंदांना कळतं तर दिवस मावळायच्या आत नेलं असतं, कारण आमच्याकडे मढं शिळं ठेवत नाहीत.

"कीर्तनात ऐकलं होतं," ती म्हणाली, "राजाले तेलात ठेवलं, पोरगा आजोळाहून येईलोक. राजाले चालते, आमाले काऊन नाही?"

याला पोलीस मॅन्युअलात उत्तर नव्हतं. संशयास्पद मृत्यू म्हणून प्रेत मलकापूरला चिरफाडीसाठी धाडायचं, हा सरळ रस्ता. पण मग मुलाला बापाचं धड तोंड दिसलं नसतं. मी दवाखान्याच्या डॉक्टरांनाच गावात बोलावलं आणि पंचांसमक्ष पंचनामा केला. अंगावर जखम नाही, विषाची खूण नाही. मालकाच्या दुखऱ्या काळजाला औषध देणारे हेच डॉक्टर, त्यांनी नैसर्गिक मृत्यू लिहून दिला.

मग ओसरीवर ते खुलले. मिसर देशात मिठानं आणि डिंकानं देह टिकवत. विलायतेत आता शिरांतून औषध भरतात, म्हणजे दूर मेलेला माणूस घरच्यांना पाहायला मिळतो. "युक्त्या निराळ्या, ठाणेदार. पण रडायला समोर तोंड लागतं."

मालकीण ऐकत होती. "जन्मभर मले पळीनं मोजून तेल देलं त्यायनं," ती म्हणाली, "आता बसा म्हनलं पोटभर." आणि तीच आधी हसली. पंचांना मात्र कुठं बघावं कळेना.

बातमी फुटली तसे भाऊबंद तिरडी बांधायला धावले. तेव्हा माझे जादा शिपाई कामाला आले; दरोडेखोरांसाठी आणलेला पहारा मी त्यांच्यावर लावला. दुसऱ्या दिवशी मुलगा नांदुऱ्याहून बैलगाडीनं आला. स्वतःच्या उपरण्यानं बापाचं कपाळ पुसलं, मिशी पुसली. "बाबा, एवढं तेल?" म्हणाला आणि आईच्या मांडीवर पडून रडला.

चिता एका काडीत पेटली. सगळ्यात जास्त चिडलेला चुलतभाऊ पुटपुटला, "शेवटी तूप वाचवलंच यानं."

संध्याकाळी शेजाऱ्यांनी त्या घरी पिठलं-भाकरी नेली. जादा शिपाई कशाला मागवले, हे साहेबांना कळवताना मला मात्र पौषात घाम फुटला.

पुढच्या नोकरीत खोटं बोलणारे पुष्कळ भेटले. काय लपवलं, हे विचारण्याआधी मी बघू लागलो, याच्याच्यानं काय होत नाही. प्रत्येकाची एक चूल असते, ती त्याला पेटवता येत नाही. हा सिद्धान्त मी नातेवाइकांना माझा म्हणून सांगतो. बायको ऐकते आणि तव्यावरची भाकरी उलटते.